घरगुती पाणीबचत

घरातली गळती थांबवणे, गरजेपुरतेच पाणी घेणे आणि एकदा वापरलेले पाणी दुसऱ्या कामाला लावणे, या सवयींना मिळून घरगुती पाणीबचत म्हणतात. हंड्या-कळशीने पाणी आणणाऱ्या घरात प्रत्येक तांब्याचा हिशेब आपोआप राहतो. घरात नळ आला की हा हिशेब सुटतो. म्हणून महाराष्ट्रातल्या शहरी घरांना उपयोगी पडणारे बहुतेक उपाय एकाच गोष्टीशी येऊन थांबतात : वाहत्या पाण्याला पुन्हा भांड्याचे माप लावणे.

भूमिगत गटारे असलेल्या शहरांसाठी माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी हे नियोजनाचे प्रमाण आहे. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने ग्रामीण घरांसाठी ते ५५ लिटर धरले. बचतीचा आग्रह आधी कोणाकडे धरायचा, हे या दोन आकड्यांतच दिसते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी पाठवावे लागले. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. शहरी प्रमाणाने ते जेमतेम ३,७०० माणसांना एक दिवस पुरले असते.

घरातल्या पाण्याचा मोठा वाटा न्हाणीघरात आणि शौचालयात जातो. बादली-तांब्याची अंघोळ १५ ते २० लिटरमध्ये होते. साधा शॉवर तेवढे पाणी दोन मिनिटांत सोडतो. गिझर लावल्यावर गरम पाणी येईपर्यंत जे गार पाणी वाहते, ते बादलीत धरले की फरशीला पुरते. जुन्या फ्लशच्या टाकीतून दर वेळी दहा लिटरच्या आसपास पाणी जाते. दोन बटणांच्या टाकीत हे प्रमाण तीन आणि सहा लिटरवर येते. टाकी बदलणे परवडत नसेल तर पाण्याने भरलेली, घट्ट बुचाची लिटरभराची बाटली आत उभी ठेवावी. तेवढे पाणी दर वेळी वाचते. वीट मात्र ठेवू नये, ती झिजते आणि तिचा चुरा झडपेत अडकतो.

ठिबकणारा नळ डोळ्यांना किरकोळ वाटतो. त्याच्याखाली लिटरभराचा तांब्या ठेवून पाहावा. तो तासात भरला तर दिवसाला २४ लिटर, म्हणजे एका माणसाच्या अंघोळीहून जास्त पाणी मोरीत जाते. बहुतेक वेळा दोष फक्त आतल्या वायसरचा असतो. चित्रकार-लेखक आबिद सुरती यांनी २००७ पासून मीरा रोड येथे प्लंबर सोबत घेऊन रविवारी घरोघर असे नळ विनामूल्य दुरुस्त करण्याचे काम उभे केले. घरगुती पाणीबचतीचे इतके साधे आणि इतके मोलाचे दुसरे उदाहरण सापडणे कठीण. गच्चीवरच्या टाकीचा बिघडलेला बॉलकॉक हीही अशीच वायसरएवढी बाब आहे. त्यापायी इमारतीच्या भिंतीवरून तासन्‌तास पाणी ओघळत राहते.

एक दिवसाआड किंवा आठवड्याने पाणी येणाऱ्या गावांत वेगळीच नासाडी होते. नळाला पाणी आले की माठ, कळश्या, पिंपे आधी ओतून टाकायची आणि 'ताजे' भरायचे. झाकून ठेवलेले, हात न बुडवता ओगराळ्याने घेतलेले पिण्याचे पाणी एका रात्रीत शिळे होत नाही. ते शिळे होते, ही समजूत सोडायलाच हवी. पण साठा अनेक दिवस तसाच ठेवणेही धोक्याचे आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंड्यापासून साधारण आठ-दहा दिवसांत तयार होतो, म्हणून आरोग्य विभाग आठवड्यातून एक 'कोरडा दिवस', म्हणजे साठ्याची सगळी भांडी रिकामी करून वाळवण्याचा दिवस, पाळायला सांगतो. टंचाईच्या गावात भरलेले पिंप रिकामे करणे जिवावर येते आणि ते समजण्यासारखे आहे. अशा घरांनी मोठ्या धुण्याच्या दिवशीच कोरडा दिवस धरावा. पिंपाच्या तळाचे पाणी चादरी-गोधड्यांना वापरावे आणि मग पिंप आतून घासून वाळवावे, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात.

पाणी शुद्ध करणारे आरओ यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण तीन लिटर बाहेर टाकते. त्याची नळी बादलीत सोडून ते पाणी फरशीला किंवा शौचालयात वापरता येते. त्यात क्षार जास्त असल्याने कुंड्यांना ते रोज घालू नये. मुळात नळाचे पाणी खारे नसेल, तर उकळणे किंवा अतिनील किरणांचे यंत्र पुरते.

तांदूळ-डाळ धुतलेले पाणी झाडांना, भाजीचे पाणी खरकटी भांडी भिजवायला, ही वाट बहुतेक स्वयंपाकघरांना ठाऊक आहे. न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू, केळ आणि कर्दळ लावण्याची रीतही जुनीच. या झाडांना ओल मानवते. परसात जागा असेल तर दगड-गोट्यांनी भरलेला शोषखड्डा करतात. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावात घरोघर असे खड्डे झाल्याने उघडी गटारे संपली, डासही हटले. खड्डा विहिरीपासून मात्र दूर हवा.

छपरावरचे पावसाचे पाणी साठवणे हा या सगळ्यांत मोठी मात्रा देणारा उपाय. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. वर्षाला ७०० मिलिमीटर पावसाच्या गावात ५० चौरस मीटरच्या छपरावरून, पाचवा हिस्सा वाया गेला तरी, २८,००० लिटर पाणी हाती लागते. कान्हेरीच्या लेण्यांत भिक्षूंच्या निवासांलगत खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. तिथल्या शिलालेखांत त्यांना 'पोढी' म्हटले आहे. घराला एवढे खणावे लागत नाही. पागोळ्यांखाली पन्हळ लावून तिचे तोंड पिंपात किंवा टाकीत सोडले, वर दोन पदरी सुती कापड बांधले की काम सुरू होते. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी सोडून द्यावे, कारण उन्हाळाभर साठलेली धूळ आणि पाखरांची विष्ठा त्यात उतरते. पुढच्या सरींचे पाणी धुण्या-भांड्यांना तसेच चालते. प्यायचे असल्यास उकळून घ्यावे.