कुत्र्याला घेऊन घाटात फोटोग्राफीला निघताना

कॅमेरा आणि लेन्स भाड्याने नेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

कोल्हापुरातून शनिवारी पहाटे निघायचं, मागच्या सीटवर कुत्रा, डिकीत आमच्याकडची टेलिफोटो लेन्स, आणि रविवारी रात्री परत. असा बेत करणारे ग्राहक आता वाढलेत, आणि आम्हाला त्याचा मनापासून आनंद आहे. मात्र गगनबावडा, आंबोली किंवा राधानगरी, कुठल्याही वाटेला लागा, कुत्रा सोबत असला की फोटोग्राफीचा बेत निराळा आखावा लागतो. सामान देता-घेता काउंटरवर हे सगळं सांगून होत नाही, म्हणून हे पत्रक.

आमचा सल्ला एवढाच आहे : डोंगर, धुकं, धबधबे कुत्र्यासोबत टिपा, वन्यप्राण्यांसाठी वेगळी वेळ ठेवा, आणि त्या वेळी कुत्रा सोबत नको.

वाट कोणती घ्यायची?

राधानगरी अभयारण्यात, म्हणजे दाजीपूरच्या जंगलात, कुत्रा नेता येत नाही. ‘गाडीतून उतरवणार नाही’ असं म्हटलं तरी नाही. गव्यांसाठी १९५८ साली राखलेलं हे जंगल २०१२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशातल्या पश्चिम घाटाचा भाग आहे. नियम जाचक वाटतो, पण त्यामागचं कारण खरं आहे. कुत्र्यांमध्ये आढळणारा डिस्टेंपर हा विषाणू जंगली मांसाहारी प्राण्यांनाही होतो. २०१८ मध्ये गीरच्या जंगलात सिंह दगावले त्यात हाच विषाणू सापडला होता. आपल्या सह्याद्रीत कोळसून, म्हणजे रानकुत्रे आहेत, बिबटे आहेत. कुत्र्याची लघवी, विष्ठा, लाळ, अंगावरच्या गोचिडी हे सगळं आपण निघून गेल्यावरही जंगलात मागे राहतं. म्हणून दाजीपूरचा बेत असेल तर कुत्र्याला घरी ठेवा, किंवा घरातल्या एकाने त्याच्यासोबत बाहेर मुक्कामी थांबावं. पावसाळ्यात जंगल पर्यटकांसाठी बंद असतं, हेही बुकिंगआधी पाहून घ्या.

गगनबावडा सुमारे ५५ किलोमीटर. पहिल्यांदाच कुत्र्याला घेऊन निघणाऱ्यांना आम्ही हीच वाट सुचवतो. करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट इथून कोकणात उतरतात. कडे पश्चिमेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे सकाळी जवळचे उतार सावलीत आणि खाली कोकण उजेडात असतं. कड्यांवर ऊन पडतं ते दुपारनंतर. ऑक्टोबरात पहाटे दरीत धुकं साचलेलं असताना सूर्य तुमच्या पाठीमागून वर येतो, तो अर्धा तास सोडू नका. घाटात गाडी फक्त रस्ता रुंद असेल तिथेच थांबवा. दार उघडण्याआधी पट्टा हातात घ्या, नुसता गळ्यात असून उपयोग नाही. आणि कुत्र्याला रहदारीच्या बाजूने कधीच उतरवू नका.

आंबोलीचं हवामान आणि तुमची लेन्स

आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे आणि राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक आहे. जून ते सप्टेंबर तिथे हवेतच पाणी असतं. भाड्याच्या सामानाबद्दल आम्हाला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती इथे, आणि ती पावसापेक्षा ओल्या कुत्र्याची.

भिजलेला कुत्रा बंद गाडीत बसला की पाच मिनिटांत काचा आतून धुरकटतात. तीच वाफ लेन्समध्ये शिरते. एसीने थंड झालेला कॅमेरा दमट हवेत बाहेर काढला की पुढच्या काचेवर लगेच धुकं धरतं आणि लोक ते रुमालाने पुसतात. कृपा करून पुसू नका. रुमालावर केस आणि मातीचे कण असतात, त्यांनी काचेचा लेप खरवडला जातो. शिवाय वाफ आतल्या काचांवरही असते, तिथे तुमचा हात पोचत नाही. उपाय साधा आहे. ठिकाण यायच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी एसी बंद करा, खिडकी थोडी उघडी ठेवा, आणि कॅमेरा बॅगेत चेन लावूनच बाहेरच्या तापमानाला येऊ द्या. बॅगेत आम्ही सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो, त्या काढू नका. मुक्कामाच्या खोलीत बॅग कुत्र्याच्या ओल्या अंथरुणाजवळ रात्रभर पडून राहिली तर बुरशीला आयतंच निमंत्रण मिळतं.

लेन्स गाडीत बदलू नका. कुत्र्याने नुसतं अंग झाडलं तरी बारीक केस हवेत तरंगत राहतात आणि सेन्सर उघडा असताना नेमके तिथे जाऊन बसतात. बाहेर, वाऱ्याकडे पाठ करून, कॅमेऱ्याचं तोंड खाली ठेवून बदला.

आंबोलीजवळच्या कावळेसादला वारा खालून वर येतो आणि धबधब्याचं पाणी उलटं उडतं. दृश्य विलक्षण आहे, पण तुषार सरळ लेन्सवर येतात. दिलेलं रेनकव्हर चढवा आणि लेन्सचं तोंड शटर दाबायच्या क्षणापर्यंत झाकलेलं ठेवा. शेवाळलेल्या कातळावर कुत्र्याचे पंजे घसरतात. त्यामुळे कठड्यापासून लांब, आखूड पट्ट्यावर, आणि पट्टा दुसऱ्या माणसाच्या हातात. ट्रायपॉडला पट्टा बांधणं हा तर कॅमेरा दरीत घालवायचा हमखास मार्ग आहे.

धुक्यात कॅमेरा फसतो. पांढऱ्या दृश्याला तो राखाडी करून टाकतो, म्हणून एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) दोन तृतीयांश ते एक स्टॉप वर घ्या; एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड. धुक्यात उभ्या काळ्या लॅब्रॅडॉरचा जवळून फोटो घेताना मात्र उलटं करा, थोडं खाली आणा, नाहीतर कुत्रा राखाडी आणि मागचं सगळं पांढरंफट्ट येतं. ओल्या पानांवरची चकाकी कमी करायला लेन्सवर पोलरायझर फिल्टर लावा. हिरवा रंग खरा दिसतो. कुत्र्याचा फोटो बसून, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून घ्या, मागचा डोंगर आपोआप उंच दिसतो. पट्टा फोटोत येतो म्हणून सोडू नका. घरी संगणकावर तो पुसता येतो.

रस्त्यात गवा दिसला तर

आजरा-आंबोली रस्त्यावर संध्याकाळी किंवा पहाटे गवे दिसतात. पूर्ण वाढलेला नर हजार किलोच्या घरात जातो. गव्याच्या लेखी कुत्रा म्हणजे कोळसून, त्याच्या वासरांचा शत्रू. कुत्रा भुंकला की कळप पळतो किंवा अंगावर येतो. मोकळा कुत्रा गव्यामागे धावला, गव्याने उलटून हल्ला केला, की कुत्रा घाबरून पळत येतो तो मालकाकडेच, आणि त्याच्यामागे गवा. हा धोका फोटोपेक्षा फार मोठा आहे.

म्हणून गाडीतच बसा. इंजिन बंद करा; चालू इंजिनाची थरथर लांब लेन्समध्ये सरळ दिसते. आम्ही रिकामी बीन बॅग देतो, त्यात वाटेत दीड-दोन किलो तांदूळ भरून घ्या. अर्ध्या उतरवलेल्या काचेवर ती ठेवली की चारशे मिलिमीटरची लेन्सही स्थिर राहते. उभ्या प्राण्याला १/५०० शटर स्पीड पुरतो, चालता असेल तर १/१००० ठेवा, आणि त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) वाढवायला घाबरू नका. गव्याचं अंग काळं, पाय पांढरे. कॅमेरा काळ्या अंगावर हिशेब लावून पाय पांढरेफट्ट करतो, तेव्हा एक्स्पोजर थोडं खाली.

कुत्रा पलीकडच्या बाजूला, हार्नेस सीट बेल्टला अडकवून, आणि त्याच्या खिडकीवर कापड. निघण्याआधी आठवडाभर घरी कॅमेऱ्याचा आवाज करा आणि प्रत्येक वेळी खाऊ द्या. शटर वाजलं की तो तुमच्याकडे बघायला लागेल, बाहेर नाही. तरीही भुंकला तर फोटो सोडा आणि निघा. गव्याने मान खाली घालून फुत्कार टाकला, तर कुत्रा शांत असला तरी निघा.

रात्रीची आंबोली

पावसाळ्यात लोक आंबोलीला जातात ते बेडूक आणि सापांसाठी. पाण्यावर झुकलेल्या फांदीवर फेसाचं घरटं करणारा मलबार ग्लायडिंग फ्रॉग, फांदीवर वेटोळं घालून बसलेला चापडा हा विषारी साप, आणि पहिल्या सरींना कातळावर दिसणारा आंबोली टोड, जो जगात फक्त याच परिसरातून नोंदला गेला आहे. या फेरीला कुत्रा खोलीवरच ठेवा आणि स्थानिक वाटाड्या घ्या. टोडला तोंड लावलं तर कुत्र्याच्या तोंडातून फेस येऊ शकतो. तसं झालं तर तोंड बाजूने पाण्याने धुवा आणि डॉक्टरांना फोन करा. बेडूक हाताने उचलू नका, फांदी वाकवू नका, फ्लॅश मोजकाच आणि त्याचा उजेड मऊ करणारा डिफ्यूझर लावून वापरा. पहिल्या पावसात पठारावरच्या रस्त्यावर गाडी अगदी हळू चालवा, कारण टोड रस्त्यावरच असतात आणि चाकाखाली येतात.

कुत्र्याला रात्री बाहेर न्यायचंच असेल तर आखूड पट्टा आणि टॉर्च. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले भागात बिबट्यांच्या विष्ठेच्या अभ्यासातून त्यांच्या खाण्यात पाळीव कुत्र्यांचा वाटा मोठा असल्याचं दिसलं आहे. बिबट्या आपल्या भागातही आहे.

कुत्र्याच्या तब्येतीचं

रेबीज, डिस्टेंपर आणि लेप्टोस्पायरोसिसची लस वेळेवर झालेली असावी. डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका. परत आल्यावर कानामागे, काखेत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचिडी आणि जळवा तपासा. आणि ‘पाच मिनिटांत फोटो काढून येतो’ म्हणत कुत्र्याला बंद गाडीत उन्हात ठेवू नका. बाहेर २४ अंश असलं तरी बंद गाडी दहा मिनिटांत ३४ अंशांपर्यंत आणि अर्ध्या तासात ४३ अंशांपर्यंत तापते. ऑक्टोबरात आंबोलीची हवा गार वाटते, त्यामुळे हे लक्षात येत नाही.

सामान परत करताना

बॅगेत केस असतील तर काळजी करू नका, ती साफसफाई आमच्याकडे भाड्यातच धरलेली आहे. लेन्स भिजली असेल तर मात्र कापडाने पुसून, झाकण लावून आणू नका. झाकण काढून, पंख्याखाली ठेवून आणा आणि देताना आम्हाला सांगा. वेळेत कळलं तर बहुतेक लेन्स वाचतात. कुत्र्याने चावलेला पट्टा किंवा झाकण नवीन बसवायला लागतं, त्याचे पैसे अनामत रकमेतून वजा होतात. रेनकव्हर आणि बीन बॅग लेन्ससोबत मोफत आहे, फक्त नेताना आठवणीने मागून घ्या, आणि बीन बॅगेतले तांदूळ काढूनच परत द्या.