‘सिंड्रेला ग्रे’ हा ‘उमा मुसुमे’चा चौथा सीझन नाही

नांदेड-परभणीकडं ॲनिमे (जपानी ॲनिमेशन मालिका) बघणाऱ्या पोरांत हा घोळ हमखास होतो. ‘उमा मुसुमे: प्रिटी डर्बी’चे तीन सीझन झाले, म्हणजे ‘सिंड्रेला ग्रे’ चौथा, असं धरून चालतात. मग आधीचे तीन बघायचा कंटाळा येतो आणि दोन्ही राहून जातं. फार वाईट वाटतं मला याचं.

जग दोन्हीकडं एकच, सायगेम्स या जपानी कंपनीच्या मोबाइल गेमचं. जपानच्या खऱ्या शर्यतीच्या घोड्यांचं नाव आणि नशीब घेऊन जन्मलेल्या, घोड्याचे कान-शेपूट असलेल्या मुली. त्या शर्यती पळतात आणि शर्यतीनंतर मंचावर गातात-नाचतात. ‘प्रिटी डर्बी’ गेमसोबतच आखलेली मालिका. पण गेम रखडला आणि पहिला सीझन २०१८ मध्ये येऊन गेला तरी गेम यायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. ‘सिंड्रेला ग्रे’ मात्र आधी मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, २०२० पासून ‘वीकली यंग जंप’ या साप्ताहिकात चाललेली. तिचं ॲनिमे एप्रिल २०२५ मध्ये सुरू झालं. स्टुडिओही वेगळे.

खरा फरक नशिबाशी कोण कसं वागतं त्यात आहे. गेममध्ये ट्रेनर तुम्हीच, त्यामुळं नीट तयारी केली तर तोकाई तेइओ या पात्राला किकुका शो ही मोठी शर्यत जिंकवता येते. खरा घोडा तेइओ १९९१ ची जपानी डर्बी ही मानाची शर्यत जिंकला आणि पाय मोडल्यामुळं किकुका शोमध्ये उतरूच शकला नाही. पहिल्या सीझननं गेमसारखीच मोकळीक घेतली: सायलेन्स सुझुका हा घोडा १९९८ च्या शरद तेन्नो शो या शर्यतीत पाय मोडून गेला, मालिकेतली सुझुका मात्र वाचते आणि परत पळते. दुसऱ्या सीझननं निकाल बदलले नाहीत. तेइओचं हाड पुन्हा पुन्हा मोडतं, ते तसंच दाखवलं. ती निवृत्ती जाहीर करायला मंचावर उभी असते आणि तिकडं ट्विन टर्बो ही दुसरी धावपटू ऑल कमर्स शर्यतीत सुरुवातीपासून एकटीच पुढं सुटते. नेहमी शेवटी दम तुटून मागं पडणारी टर्बो त्या दिवशी मागं पडत नाही. पुढं वर्षभराच्या खंडानंतर तेइओ १९९३ ची अरिमा किनेन ही वर्षअखेरची मोठी शर्यत जिंकते, आणि हे खरोखर घडलेलं आहे. माझ्या मते गेमवरून आलेल्या कुठल्याच ॲनिमेनं याच्यापुढं मजल मारलेली नाही.

‘सिंड्रेला ग्रे’ची नायिका ओगुरी कॅप दुसऱ्याच मातीची. गिफू प्रांतातल्या कासामात्सूच्या छोट्या ट्रॅकवरची ती. माळेगावच्या यात्रेत घोडा घेणारा माणूस आधी पाय बघतो, मग चाल. खरा ओगुरी जन्मला तेव्हा त्याचा पुढचा उजवा पाय बाहेर वळलेला होता, असं शिंगरू तिथं कुणी घेतलं नसतं. मालिकेत आई रोज पाय चोळून तिला उभं करते. नंतर ओगुरी इतकी खाली झुकून पळते की बघणाऱ्याला वाटावं आता पडते. गाणी-नाच इथं नावापुरते, मैत्रीचा गोडवा कमी, चुरस जास्त. कासामात्सूत तो घोडा बारा शर्यती पळला, दहा जिंकला. हरला त्या दोन्ही वेळा एकाच घोड्याकडून. मालिकेत त्या घोड्याच्या जागी फुजिमासा मार्च आहे आणि ती हार दोघींनाही किती लागते ते नीट दिसतं. तिचा ट्रेनर कितहारा याच्याकडं केंद्रीय, म्हणजे देशपातळीवरच्या, शर्यतींचा परवाना नाही, म्हणून ओगुरी मोठ्या ट्रॅकवर जाते तेव्हा तो मागंच राहतो. गावाकडच्या तालमीतून पोरगं पुढं पाठवणाऱ्या वस्तादांना हे वेगळं सांगायला नको.

गाण्यांमुळं बिचकत असाल तर सरळ ‘सिंड्रेला ग्रे’पासून सुरू करा, आधीचं काही माहीत असायची गरज नाही. नंतर दुसरा सीझन, मग तिसरा. पहिला मधे कधीही चालेल. हा क्रम सांगण्यामागं एक कारण आहे. डर्बी, किकुका शोसारख्या शर्यतींसाठी आधीच नोंदणी करावी लागते. ओगुरीची ती वेळेत झालेली नसल्यानं १९८८ ची डर्बी तिला पळता येत नाही, आणि खऱ्या घोड्याचंही तेच झालं. १९९२ पासून जादा शुल्क भरून उशिरा नोंदणी करता येऊ लागली. याच सोयीनं किकुका शोमध्ये उतरून २०१५ मध्ये ती जिंकणारा घोडा म्हणजे कितासान ब्लॅक, तिसऱ्या सीझनची नायिका.