रक्तातला जंतू आणि आतड्यातली गाठ

हृदयाच्या झडपेला संसर्ग झालेला रुग्ण कित्येकदा एकच तक्रार सांगतो: आठवडेच्या आठवडे न हटणारा बारीक ताप. मग ब्लड कल्चर लावतात. शक्यतो अँटिबायोटिक सुरू करण्याआधीच रक्त पोषक द्रवाच्या बाटल्यांत घालून उबेत ठेवतात. जंतू असेल तर बहुधा एक-दोन दिवसांत वाढलेला दिसतो. रिपोर्टवर ‘स्ट्रेप्टोकॉकस गॅलोलिटिकस’ हे नाव आलं, तर हृदयाबरोबर मोठं आतडंही तपासायलाच हवं, पोटाची एकही तक्रार नसली तरी.

झडपेचा असा संसर्ग आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सर एकाच रुग्णात सापडल्याची नोंद मॅककॉय आणि मेसन यांनी १९५१ मध्येच केली होती. पुढे १९७७ मध्ये अमेरिकेत क्लाइन आणि सहकाऱ्यांनी शौचाचे नमुने तपासले. कॅन्सरच्या ६३ रुग्णांपैकी ३५ जणांत हा जंतू होता. तुलनेसाठी घेतलेल्या १०५ जणांत फक्त ११ जणांत. तेव्हा त्याला ‘स्ट्रेप्टोकॉकस बोव्हिस’ म्हणत, आणि काही रिपोर्टांवर आजही तेच नाव येतं.

जंतू काही जणांच्या आतड्यात मुकाट राहतो. गाठीमुळे आतड्याचं अस्तर फाटलं की त्याला रक्तात शिरायला वाट मिळते. कोलॅजनला, म्हणजे ऊतींना आधार देणाऱ्या प्रथिनाला, चिकटण्याची त्याची ताकद दांडगी, म्हणून आधीच खराब झालेल्या झडपेवर तो सहज बसतो. गाठ वाढवायला तो स्वतः हातभार लावतो का, यावर अजून वाद आहे. पण पाश्चर इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी उंदरांत पाहिलं, की गाठीच्या वातावरणात तो एक विषारी प्रथिन सोडून शेजारच्या जंतूंना मारतो आणि स्वतःसाठी जागा करतो. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

हा एकटाच नाही. हाँगकाँगमध्ये रक्तात जंतू सापडलेल्या तेरा हजारांहून अधिक रुग्णांच्या २०१८ च्या अभ्यासात बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस, फ्युजोबॅक्टेरियम आणि क्लॉस्ट्रिडियम सेप्टिकम यांचाही असाच संबंध दिसला. अर्थात, यातला एखादा सापडला म्हणजे कॅन्सर आहेच, असं नाही. अनेकांत कोलोनोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीने मोठं आतडं आतून तपासताना, नुसता पॉलिप (अस्तरावरचा साधा कोंब) निघतो. तो बहुधा त्याच वेळी काढता येतो, आणि पॉलिपचा कॅन्सर व्हायला सहसा अनेक वर्षं लागतात.

अडचण पुढे येते. ताप उतरतो, इंजेक्शनं संपतात, रुग्ण घरी जातो. शौचातून रक्त गेलंच तर ‘मूळव्याध असेल’ म्हणून सोडून देतात. म्हणून डिस्चार्ज कार्डावर जंतूचं पूर्ण नाव लिहून घ्यावं आणि घरी जाण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावं: कोलोनोस्कोपी कधी करायची?