कौलांवरचा दात आणि मागून आलेली दाढ

कोकणात अनेक घरांत मुलाचा पडलेला दुधाचा दात अजूनही कौलांवर फेकतात. दात पडल्याचं घरभर कौतुक होतं. कायमचा म्हणून पहिल्यांदा येणाऱ्या दातांतली एक दाढ मात्र कुणाच्या लक्षातही येत नाही. साधारण सहाव्या वर्षी ती दुधाच्या दाढांच्या मागे, मोकळ्या हिरडीतून वर येते. तिच्यासाठी आधी कुठला दात पडावा लागत नाही, म्हणून घरचे तिलाही दुधाचीच समजतात. मग जत्रेतलं खाजं तिच्या खोल खाचांत चिकटून राहतं, ब्रश तिथवर पोचत नाही, आणि आयुष्यभर पुरायची दाढ दुसरी-तिसरीतच किडते. डॉक्टर या खाचा वेळीच बुजवून देऊ शकतात. त्याला ना भूल लागते, ना दुखतं.

पालक घाबरतात ते भलत्याच गोष्टींना. खालचे पुढचे दात दुहेरी रांगेत दिसू लागतात, तेव्हा नवा दात किंचित आतून आलेला असतो आणि जुन्याचं मूळ पुरतं झिजलेलं नसतं. जुना हलत असेल तर बहुतेक वेळा तो आपसूक पडतो आणि जीभ नव्याला पुढे ढकलते. दोन-तीन महिने जाऊनही तो हललाच नाही, तर दाखवावं. सात ते अकरा वर्षांच्या मुलांत वरच्या पुढच्या दोन दातांमध्ये दिसणारी छोटी फटही सुळे आले की बहुधा मिटते.

मला खरी चिंता वाटते ती "दुधाचीच दाढ आहे, पडणारच" या वाक्याची. दुधाच्या दाढा दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत टिकायच्या असतात. एसटीच्या सीटवर रुमाल टाकावा, तशी त्या खालून येणाऱ्या उपदाढांची, म्हणजे सुळ्यामागच्या छोट्या कायमच्या दाढांची, जागा धरून असतात. सहाव्या-सातव्या वर्षी किडलेली दाढ उपटली, की मागची कायमची दाढ हळूहळू पुढे कलते. उपदाढेला वाट उरत नाही. ती हाडात अडकते किंवा वाकडी बाहेर येते. म्हणून शक्य तिथे दाढ भरून वाचवावी. काढावीच लागली, तर जागा राखणारी तारेची कडी बसवता येते का, हे त्याच भेटीत विचारावं.

2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळा-अंगणवाड्यांत मुलं तपासतात, त्यात दातही असतात. पथकाने पुढे दाखवायला सांगितलं, तर ते भातलावणीच्या घाईत मागे पडू देऊ नये.

दोन खुणा घरीही कळतात. वरचा पुढचा एक दात येऊन सहा महिने झाले तरी जोडीचा आला नसेल, तर वाटेत जादा दात आडवा आलेला असू शकतो, एक्स-रे काढावा. आणि दहाव्या वर्षी वरच्या सुळ्यांच्या जागी हिरडीवर बोट फिरवल्यावर फुगीरपणा लागला नाही, तर डॉक्टरांना सांगावं. सुळा आत टाळूकडे वळला असेल, तर वेळेत दुधाचा सुळा काढल्याने तो पुष्कळदा स्वतःच वाटेवर येतो. उशीर झाला, तर हिरडी उघडून तारेने ओढून आणावा लागतो, आणि त्याला बरेच महिने जातात.