सहल काढताय की टीम बिल्डिंग?

सातारा एमआयडीसीतल्या एखाद्या मध्यम कारखान्याचा सप्टेंबरातला व्हॉट्सॲप मेसेज साधारण असा असतो: ‘रविवारी टीम बिल्डिंग. साडेसातला गेटवर बस. कास, ठोसेघर, दुपारी मटण-भाकरी. व्हेजवाल्यांनी नावं द्यावीत.’ ही सरळ सरळ सहल झाली. तिच्यात वाईट काहीच नाही. पण खर्च सहलीवर करायचा, अपेक्षा टीम बिल्डिंगची धरायची आणि मार्चमध्ये ‘डिस्पॅच आणि क्वालिटीची भांडणं अजून तीच’ म्हणून कपाळाला हात लावायचा, हे काही खरं नाही.

सहलीने ओळख होते. रात्रपाळीचा फिटर आणि अकाउंट्समधल्या मॅडम वर्षभर एकमेकांना फक्त फोनवरच्या आवाजाने ओळखतात. बसमध्ये शेजारी बसून पोरांच्या शाळेचं बोलणं झालं, की अडलेल्या व्हाउचरसाठी फोन करताना संकोच वाटत नाही. डोकं हलकं होतं ते वेगळंच. कासला मात्र फुलांच्या हंगामात आधी ऑनलाइन बुकिंग करा, आणि पठारावर खेळ घ्यायचा विचार तर सोडूनच द्या. पश्चिम घाटाबरोबर 2012 साली ते जागतिक वारशाच्या यादीत गेलंय. फुलं तुडवून कसली टीम उभी करणार?

टीम बिल्डिंगची सुरुवात अडचणीपासून होते. कुणाचं काम कुठे अडतंय हे आधी विचारायचं, मग त्याला साजेसा खेळ निवडायचा. दोरीचा चौकोन घ्या. दहा-बारा जणांच्या डोळ्यांवर पट्ट्या, हातात एक लांब दोरी, आणि नुसतं बोलून तिचा चौकोन करायचा. सुरुवातीला सगळे एकदमच बोलतात. मॅनेजरचा आवाज सगळ्यांत मोठा. स्टोअरचा एखादा पोरगा हळूच म्हणत असतो, ‘आधी दोरीची चौपदरी घडी घालू, म्हणजे कोपरे सापडतील,’ पण ऐकतंय कोण? पट्ट्या सोडल्यावर बटाट्यासारखा आकार समोर येतो आणि हशा पिकतो.

इथेच उठलात तर तीही सहलच. पुढचा अर्धा तास गोलात बसायचं: कोण बोललं, कुणाचं ऐकलंच गेलं नाही, आणि कारखान्यात असं कुठे होतं? मग हळूहळू निघतं, की मालाची तारीख बदलल्याचं परचेसला दोन दिवस आधी माहीत असतं आणि स्टोअरला गाडी गेटवर लागल्यावर कळतं. बदल झाला की कुणी कुणाला, किती वाजेपर्यंत सांगायचं, हे तिथल्या तिथे ठरवायचं. महिन्याने ते पाळलं जातंय का बघायचं. एवढं केलं तर त्या दोरीचे पैसे वसूल.

अनेक अभ्यास एकत्र तपासणारी एक पाहणी 2009 साली प्रसिद्ध झाली. तिच्यात टीम बिल्डिंगचे चार भाग धरले होते: ध्येय ठरवणं, आपसातले संबंध, कामाची वाटणी स्पष्ट करणं आणि अडचणी सोडवणं. चारही उपयोगी दिसले, पण सगळ्यांत जास्त फरक पडला तो ध्येय आणि कामाच्या वाटणीने. रस्सीखेचीचंही तसंच, नुसती माणसं जमवून भागत नाही. माणसं वाढतात तसा दर माणशी जोर घटतो, हे रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने 1913 साली मांडलं. ओढण्याची वेळ जुळत नाही, आणि काही जण दोरी नुसती धरून उभे राहतात. ऑफिसातले असे दोरी धरणारे आठवायला फार वेळ लागणार नाही.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण कोरेगाव तालुक्यातल्या वेळूचं. 2016 साली पहिल्या वॉटर कपमध्ये, म्हणजे पाणी फाउंडेशनच्या जलसंधारणाच्या स्पर्धेत, हे गाव पहिलं आलं. प्रशिक्षण झालं आणि लगेच हातात कुदळ-फावडं, समोर मोजता येणारं काम आणि ठरलेली मुदत. कंपन्यांच्या कार्यक्रमात नेमकी हीच बाजू लंगडी असते.

सहल आणि टीम बिल्डिंग, दोन्हींना न जमणारी कामंही आहेत. थकलेला ओव्हरटाइम किंवा पक्षपाती बढती दोरीच्या खेळाने मिटत नाही, उलट लोक जास्त चिडतात. सुट्टीचा रविवार सक्तीने घेऊ नका. गुडघे दुखणाऱ्यांना धावायला लावू नका, आणि महिलांना घरी पोचायला रात्र होईल असा बेत आखू नका. आणि बसमध्ये कंत्राटी कामगारांना जागा ठेवा. पुष्कळ ठिकाणी माल खरा हलतो तो त्यांच्या हातून, आणि मेसेजमध्ये नेमकं त्यांचंच नाव नसतं.