पार्श्वभूमी : वर्गात आलेला सीएसआर, बाहेर राहिलेली लेव्ही

कंपन्यांची सामाजिक जबाबदारी, म्हणजेच सीएसआर, हा विषय आज वाणिज्य, व्यवस्थापन, विधी, समाजकार्य अशा सगळ्याच शाखांत या ना त्या नावाने शिकवला जातो. महाराष्ट्रापुरती त्याची मुळे शोधायची तर १९६९ पाशी थांबावे लागते. त्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली आणि श्रमदान, खेड्यातले शिबिर कॉलेजात आले. त्याच वर्षी राज्यात माथाडी कायदा झाला. व्यापाऱ्याने हमालाच्या मजुरीवर ठरावीक टक्के लेव्ही (म्हणजे आकार) माथाडी मंडळाकडे भरायची, त्यातून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, औषधपाणी भागवायचे, अशी ती व्यवस्था. रोज वेगळ्या मालकाचा माल पाठीवर घेणाऱ्या माणसालाही हक्क देता येतो, हे दाखवणारे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे माहीत नाही. पण सेवेला वर्गात जागा मिळाली आणि हक्क आधी मसजिद बंदरच्या, पुढे वाशीच्या बाजारातच राहिला.

१९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर धोकादायक उद्योगाच्या संपूर्ण दायित्वाचे (चूक कोणाचीही असो, भरपाई उद्योगानेच द्यायची) तत्त्व न्यायालयाने मांडले. ते विधी महाविद्यालयांबाहेर फारसे गेले नाही. इतरांच्या वाट्याला मानवी हक्कांचे एखादे प्रकरण आले, मुंबईत बहुधा फाउंडेशन कोर्समध्ये. ‘एफसी’ला गाइड वाचून पास होता येते, हे मुलांना पहिल्या आठवड्यातच कळते.

खरा बदल २०१३ च्या कंपनी कायद्याने झाला. कलम १३५ लागू झाले १ एप्रिल २०१४ पासून : ठरावीक आकाराच्या कंपनीने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्चायचे, नाहीतर कारण सांगायचे. कारण सांगून सुटण्याची ही वाट २०२१ मध्ये बंद झाली. मधल्या काळात, २०१९ च्या दुरुस्तीत, तुरुंगवासाची तरतूदही आली होती. अमलात येण्याआधीच ती गेली.

घोळ झाला तो शब्दाचा. सरकारी कागदांत ‘उत्तरदायित्व’, वर्तमानपत्रांत ‘सामाजिक बांधिलकी’ आणि बोलताना सरळ ‘सीएसआर फंड’. उत्तरदायित्व म्हणजे जाब विचारला तर उत्तर देण्याचे बंधन. बांधिलकी माणूस आपखुशीने मानतो. फंड तर मागायचीच गोष्ट. २०११ च्या संयुक्त राष्ट्रांच्या मार्गदर्शक तत्त्वांत शासनाचे कर्तव्य हक्कांच्या रक्षणाचे आणि कंपनीची जबाबदारी हक्कांचा आदर राखण्याची, असा भेद आहे. मराठी नोट्समध्ये दोन्हींना ‘जबाबदारी’ हाच शब्द येतो आणि भेद पुसला जातो.

त्यात भर पडली एका नियमाची. कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्यासाठी केलेला खर्च सीएसआरमध्ये धरायचा नाही. नियम योग्यच आहे : कामगाराचे जे देणे आहे ते दान म्हणून दाखवता येऊ नये. पण वर्गात त्याचा अर्थ उलटा पोचला. कामगार हा ‘सामाजिक’ जबाबदारीत येतच नाही, असे मुले धरून चालतात. दरवर्षी माझ्याकडे तपासायला येणाऱ्या प्रकल्पवह्यांत रंगवलेल्या शाळेच्या भिंती असतात, दप्तरे वाटतानाचे फोटो असतात. त्याच कंपनीच्या गेटवर बारा तास उभ्या असणाऱ्या सुरक्षारक्षकाची पगारचिठ्ठी एकाही वहीत नसते. पीएफ कापला जातो का, ओव्हरटाइम दुप्पट मिळतो का, ईएसआयचे (कामगार राज्य विम्याचे) कार्ड आहे का, हे विचारायला त्यांना कोणी सांगितलेले नसते. नफा वाटला कसा, हे शिकवून झाले. तो कमावला कसा, याला तासच नाही.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार आता फील्ड प्रोजेक्ट आणि समाजसंपर्काला श्रेयांक आहेत. पाहणीला निघणाऱ्या मुलांच्या हातात प्रश्नावली कोणती द्यायची, हे मात्र शिक्षकावरच आहे. मी यंदा सुरुवात पगारचिठ्ठी वाचण्यापासून केली.

दरम्यान २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. ॲप चालवणाऱ्या कंपन्यांनी गिग कामगारांसाठी (ॲपवरून सुटी सुटी कामे घेणाऱ्यांसाठी) वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम द्यायची, ती कामगारांना द्यायच्या रकमेच्या ५ टक्क्यांवर जाऊ नये, असे त्यात आहे. माथाडी लेव्हीचीच ही धाकटी बहीण. माझ्या वर्गातली काही मुले संध्याकाळी पार्सल पोचवायला जातात. कलम १३५ त्यांना तोंडपाठ आहे. संहितेतले हे गिग कामगारांचे कलम अजून अभ्यासक्रमात आलेले नाही.