आतड्यात एक ठिपका दिसतो का?

नवजात बाळाला कावीळ झाली की घरातलं पहिलं वाक्य ठरलेलं: "कोवळ्या उन्हात ठेवा, उतरेल." बहुतेकदा ती आपसूक उतरतेही. पण दोन आठवडे उलटले, डोळे अजून पिवळेच आहेत, शू लंगोटावर गडद डाग पाडतेय आणि शी मात्र खडूसारखी पांढरट होतेय, तर ऊन, माळ, उतारा सगळं बाजूला ठेवून डॉक्टर गाठायला हवा. शीला पिवळा-हिरवा रंग पित्तामुळे येतो. शी पांढरी, म्हणजे पित्त आतड्यात पोचत नाहीये.

का पोचत नाही, हा खरा प्रश्न. यकृताला सूज असेल तर पेशी पित्त नीट सोडत नाहीत, आणि त्यावर औषधोपचार असतात. पण 'बिलियरी अट्रेसिया'त यकृताबाहेरच्या पित्तनलिकाच सुकून बंद होतात. तिथे शस्त्रक्रियेला पर्याय नाही. जपानच्या मोरिओ कसाई यांनी (मराठी कानाला हे आडनाव दचकवतं खरं) 1950च्या दशकात आतड्याचा तुकडा थेट यकृताच्या तोंडाशी जोडण्याची पद्धत काढली. ती साधारण 60 दिवसांच्या आत झाली तर यशाची शक्यता जास्त. उशीर होईल तसं यकृत घट्ट होत जातं.

दोन्ही आजारांत बाळ दिसतं सारखंच. इथे हायडा स्कॅन, म्हणजे पित्त यकृतातून आतड्यात पोचतंय का ते दाखवणारी तपासणी, कामाला येते. मेब्रोफेनिन नावाचं रसायन यकृताच्या पेशी बिलिरुबिनसारखंच (कावीळीत अंग पिवळं करणारं द्रव्य) रक्तातून उचलतात आणि पित्तात सोडतात. त्याला टेक्नेशियम-99एम हे किरणोत्सारी मूलद्रव्य चिकटवून वजनानुसार अगदी थोडी मात्रा शिरेतून देतात. गॅमा कॅमेरा स्वतः किरण सोडत नाही. बाळाच्या शरीरातून येणारे किरण तो टिपतो. एक्स-रेच्या नेमकं उलट. शिवाय सोनोग्राफी अवयवाचा आकार दाखवते, हा स्कॅन त्याचं काम चाललंय का ते दाखवतो.

काही मिनिटांत यकृत उजळतं. निरोगी बाळात साधारण तासाभरात आतडंही चमकू लागतं. नाही चमकलं तर थांबायचं, पुन्हा फोटो, गरज पडली तर थेट चोवीस तासांनी. टेक्नेशियमचं अर्धायुष्य 6 तासांचं. चोवीस तासांत चार अर्धायुष्यं संपतात, म्हणजे मूळ किरणोत्साराचा जेमतेम सोळावा भाग उरतो. शेवटचा फोटो म्हणूनच दाणेदार, धूसर येतो. यकृत थकलेलं असलं की हेच द्रव्य मूत्रपिंडातून शूवाटे बाहेर पडतं आणि ओला लंगोटही कॅमेऱ्यात चमकतो. त्याला आतडं समजण्याची चूक होऊ नये म्हणून फोटोआधी लंगोट बदलतात. एवढ्या महागड्या यंत्रापुढे कोरडं दुपटं महत्त्वाचं ठरावं, ही गंमतच.

आतड्यात ठिपका दिसला, तर नळ्या उघड्या आहेत आणि अट्रेसियाची शंका जवळपास मिटते. दिसला नाही, तर मात्र अट्रेसिया आहेच असं म्हणता येत नाही; सूज जबर असेल तरी पित्त वाहत नाही. ही चूक कमी व्हावी म्हणून बाळाला आधी पाचेक दिवस फेनोबार्बिटल देतात. एरवी फिट्सवर वापरलं जाणारं हे औषध पित्ताचा प्रवाह वाढवतं. पण बाळ पन्नास दिवसांचं असेल तर हे पाच दिवस फार महाग पडतात. माझ्या मते या तपासणीची खरी कसोटी यंत्रात नाही, या हिशेबात आहे. म्हणून उशिरा आलेल्या बाळात काही डॉक्टर स्कॅनसाठी न थांबता यकृताचा तुकडा तपासतात, किंवा थेट शस्त्रक्रियेच्या टेबलावर पित्तनलिकांत रंगद्रव्य सोडून एक्स-रे काढतात. अट्रेसियाचा शेवटचा निवाडा तिथेच होतो.

तैवानने 2004 पासून देशभर बाळाच्या आरोग्यपुस्तिकेत शीच्या रंगांचं एक कार्ड घातलं. आईने लंगोट उघडायचा, रंग कार्डाशी ताडून पाहायचा आणि फिका दिसला की फोन करायचा.